अंबागडची वाट आणि अब्बांची सायकल

सिहोऱ्याहून सायकल काढली की तीन वाटांना तीन वेगळे इतिहास भेटतात. बपेऱ्याकडे निघालं तर बावनथडी नदी लागते आणि पूल ओलांडला की मध्य प्रदेश. चांदपूरकडे वळलं तर डोंगराच्या कुशीतला ब्रिटिश काळातला तलाव. त्याच्याच पाण्यावर आमच्या भागातल्या धानाच्या बांध्या उभ्या आहेत. आणि तुमसर ओलांडून पुढे गेलं तर जंगलात अंबागडचा किल्ला.

गेल्या नोव्हेंबरात नागपूरहून सायकलस्वारांचा एक गट चांदपूरला मुक्कामाला आला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना अंबागड, गायमुख करायचं होतं. वाट दाखवायला मी सोबत गेलो. धान कापून झालं होतं, शेतांत पुंजणे रचलेले होते आणि पहाटेचं धुकं अजून बांध्यांवरच रेंगाळत होतं. तुमसरच्या पुढे एकाच्या टायरमध्ये बाभळीचा काटा शिरला. सगळे थांबले. कुणीतरी माझ्याकडे बघून हसत म्हणालं, "काळजी कशाला? आपल्याकडे घरचाच माणूस आहे की!"

सगळे हसले, मीही हसलो. मग खाली बसून ट्यूब काढली, बाटलीतल्या पाण्याच्या थेंबांनी छिद्र शोधलं, काचकागद घासला, सोल्यूशन लावून ते जरा सुकू दिलं आणि ठिगळ बसवलं. मुसलमान म्हणजे पंक्चरवाला, हा टोमणा आता इतका सरावाचा झालाय की मारणाऱ्याला तो टोमणा वाटतही नाही.

तासाभराने आम्ही अंबागडच्या पायथ्याशी पोहोचलो. एकाने विचारलं, "हा किल्ला कुणाचा?" मी जरा घाईनेच उत्तर दिलं, "राजखान पठाणाने बांधलेला." दोघांनी चमकून पाहिलं. मला बरं वाटलं. हे बरं वाटणं नेमकं कशाचं होतं, हे तपासण्यासाठी हा लेख लिहितोय.

बख्त बुलंद आणि राजखान

अंबागड साधारण 1700 च्या सुमाराचा. त्या वेळी हा मुलूख देवगडच्या गोंड राज्यात होता आणि गादीवर होता बख्त बुलंद शाह. 1686 च्या सुमारास त्याने औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला आणि गादी मिळवली. पण पुढे त्याच औरंगजेबाविरुद्ध त्याने बंड केलं, मोगलांचा मुलूख लुटला. चिडलेल्या बादशहाने त्याचं 'बख्त बुलंद' म्हणजे थोर नशिबाचा हे नाव बदलून 'निगूं बख्त', म्हणजे फुटक्या नशिबाचा, असं केलं, अशी नोंद सापडते. धर्म एक असला म्हणजे राजकारणही एक असतं, असं समजणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांनी ही नोंद जरूर वाचावी.

याच बख्त बुलंदने 1702 मध्ये बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. राज्य आबाद करण्यासाठी त्याने ठिकठिकाणचे शेतकरी, कारागीर आणि व्यापारी बोलावले. त्यात हिंदू होते तसे मुसलमानही होते. वैनगंगेच्या खोऱ्यात मुसलमान कुठून आला, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग इथे आहे. एका गोंड राजाला आपल्या जंगलाच्या मुलखात हुन्नर असलेली माणसं हवी होती आणि ती आली.

राजखान हा त्याचाच पठाण सरदार. त्याच्याकडे डोंगरतालचा कारभार होता, पुढे सानगडीही आली. राजखानानंतर त्याचा मुलगा महंमदखान सानगडीला होता. 1743 च्या सुमारास देवगडचं राज्य रघुजी भोसल्यांच्या हाती गेलं, तेव्हा या महंमदखानाने आपल्या गोंड धन्यासाठी सानगडीचा किल्ला तीन वर्षं लढवला. गॅझेटियर सांगतं की त्याच्या इमानदारीवर रघुजी इतके खूश झाले की सानगडी सोडण्याच्या बदल्यात त्यांनी त्याला शिवनीचा कारभार दिला. त्याचे वंशज पुढे शिवनीचे दिवाण म्हणून ओळखले गेले. ज्या शिवनी जिल्ह्यात आमची वैनगंगा उगम पावते, तेच हे शिवनी.

गोंड राजा, पठाण किल्लेदार आणि मराठा विजेता. या गोष्टीत धर्माची फळी कुठेही आडवी येत नाही. आडवं येतं ते इमान, आणि त्याची किंमत शत्रूलाही कळते.

किल्ल्याचा मोह

तरीही त्या दिवशी मी चुकलो, असं मला वाटतं. पंक्चरच्या टोमण्याला मी किल्ल्याने उत्तर दिलं. जणू एका हातात ठिगळ होतं म्हणून दुसऱ्या हातात बुरूज दाखवणं भाग होतं.

आपल्या लिखाणात ही सवय वारंवार दिसते. कुणी हिणवलं की आपण सरदार, सुफी, किल्ले, फर्मानं काढून दाखवतो. ते काम गरजेचं आहे, मीही करतो. पण माझा राजखानाशी नात्याचा कसलाही धागा नाही. आम्ही पठाण नाही, मन्यार आहोत. शिवाय भोसल्यांच्या काळात या अंबागडाचा तुरुंग झाला होता. ज्याला आपण अभिमानाने बुरूज म्हणतो, त्याच्या आत कुणीतरी शिक्षा भोगत असतं. मग या मातीवरचा माझा हक्क सांगायला मी किल्ला का शोधावा? तो तर सायकलच्या चाकाने लिहिलेला आहे.

अब्बांचा मार्ग

अब्बा बांगड्या विकायचे. काळी 22 इंची सायकल, मागे भक्कम कॅरिअर, त्यावर लाकडी पेटी, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या. पेटीत फिरोजाबादची काच, गवताच्या थरांत बांधलेली. सिहोरा, चुल्हाड, बपेरा, मग नदी. उन्हाळ्यात बावनथडीच्या पात्रात वाळू तापायची. सायकल त्या वाळूत चालत नसे. पेटी डोक्यावर ठेवून ते पाण्यातून पार व्हायचे आणि परत येऊन सायकल न्यायचे. दुसऱ्या फेरीत नाकाडोंगरी, गोबरवाहीकडचा रस्ता. तिकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी. खाणीवर मजुरीचा दिवस असला की बांगड्या जास्त खपायच्या. त्या रस्त्याची लाल-काळी धूळ त्यांच्या पायजम्यातून कधी निघाली नाही.

आज शहरांत 'ब्रेव्हे' नावाचा प्रकार लोकप्रिय आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे. त्याची परंपरा 1891 साली सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीपर्यंत जाते. भारतातही मोठा वारसा आहे. 1923 मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले आणि त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा 1928 मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. त्यांच्या हिमतीला सलाम. पण काच भरलेली पेटी घेऊन, एकही बांगडी न फोडता, दगडांच्या रस्त्याने रोज तीसेक किलोमीटर जाणाऱ्याची नोंद कुठल्या इतिहासात आहे?

नोंद होती, पण कराच्या वहीत. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने सायकलवरही कर लावता येत होता. पोट भरण्याचं वाहन करपात्र होतं, मात्र ते चालवणारा माणूस इतिहासपात्र ठरला नाही.

आणि पंक्चर? डनलॉपने 1888 मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पंक्चर जगात आलं. रस्त्यावरचा खडा अंगाला लागू नये म्हणून माणसाने चाकात हवा भरली आणि हवा भरली म्हणून ती जाणारच. ज्या माणसाने रस्त्याच्या कडेला घमेल्यात पाणी भरून दुकान मांडलं, त्याच्याच भरवशावर शिक्षक शाळेत पोहोचला, पोस्टमन गावात आणि दूध डेअरीत. त्याचा धर्म विचारायला कुणी थांबलं नाही, कारण सगळ्यांना पुढे जायचं होतं.

कोनाचा गा?

गायमुखहून परतताना वाटेतल्या एका गावात चहाला थांबलो. गट पुढे निघून गेला होता. ओसरीवर बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "कोन गावचा गा बाबू?"

"सिहोऱ्याचा."

"कोनाचा?"

"मन्याराचा. अब्बा बांगड्या घेऊन यायचे इकडे."

ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "सायकलवाला मन्यारमामा? माह्या लग्नाचा चुडा त्यानंच भरला होता." तिने आपली दोन्ही मनगटं पुढे केली. आता त्यांत प्लास्टिकच्या दोन बांगड्या होत्या. "इतकी काच आनली न् माह्या हातात एक बी फुटू देल्ली नाही," ती म्हणाली.

तिने मला किल्ला विचारला नाही. मीही सांगितला नाही.

राजखानाचा इतिहास लिहिलाच पाहिजे, नाहीतर तो पुसला जाईल. पण त्याला लिहिणारे गॅझेटियर होते. अब्बांच्या मार्गाला कुणी नाही. म्हणून या हिवाळ्यात मी त्यांच्या बाजाराच्या फेऱ्या एकेक करून सायकलने फिरतोय. कोणत्या गावात कोणाच्या अंगणात पेटी उतरायची, कुठे पाणी मिळायचं, नदी कुठून ओलांडायची, हे सगळं वहीत उतरवतोय. ज्यांनी चुडा भरून घेतला, त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. वेळ फार नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एक काळी सायकल असेल, नाहीतर तिची आठवण तरी असेल. कुणी बांगड्या विकल्या असतील, कुणी कापूस पिंजला असेल, कुणी रस्त्याच्या कडेला चाकं दुरुस्त केली असतील. त्यांचा मार्ग विचारून घ्या, गावांची नावं लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी "घरचाच माणूस" म्हणून हसलं, तर मीही एवढंच म्हणणार आहे की हो, या रस्त्याच्या घरचाच.