चरबीतला दाह आणि गोळीचा भरवसा

लठ्ठपणात चरबीच्या ऊतीत फ्री रॅडिकल्स वाढतात, त्यांतून दाह होतो, दाहामुळे इन्सुलिन निकामी ठरतं. म्हणून रोज अँटीऑक्सिडंटची गोळी घ्या, शुगर आवरेल, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. यातलं निदान बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे.

या मताचा आधार आधी मान्य करू. 2004 साली जपानी संशोधकांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत फ्री रॅडिकल्समुळे होणारा ऑक्सिडेटिव्ह ताण वाढल्याचं आणि त्याने अ‍ॅडिपोनेक्टिन हे हितकारक संप्रेरक घटल्याचं दाखवलं. औषधाने ताण कमी केल्यावर उंदरांचा मधुमेहही सुधारला. पण ते औषध फ्री रॅडिकल्स तयार करणाऱ्या विकराला अडवण्यासाठी दिलं होतं. तयार झालेली रॅडिकल्स टिपत बसणं हा वेगळा उपाय आहे, आणि आपल्याकडे विकला जातो तो हाच.

माणसांवरच्या चाचण्यांत या उपायाने निराशाच केली. 'होप' चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षं रोज 400 युनिट ई जीवनसत्त्व दिलं. हृदयविकार टळला नाही. 2009 साली जर्मनीत व्यायाम करणाऱ्या तरुणांना सी आणि ई जीवनसत्त्वं दिली, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा लाभच अडला. कारण थोडी फ्री रॅडिकल्स शरीराला बळकट होण्याचा संदेशही देतात. सेलेनियमचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात रोज 200 मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत मधुमेह उलट वाढलेला आढळला.

सेलेनियमचं नाव आपल्या बुलढाणा जिल्ह्याला नवं नाही. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले. तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेलं आढळलं, डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. या लोकांनी गोळ्या घेतल्या नव्हत्या. पण शरीराच्या अँटीऑक्सिडंट विकरांना लागणारं मूलद्रव्यही अति झालं की बाधतं, हे या गावांनी दाखवून दिलं.

"मग फळं-भाज्याही सोडायच्या का?" असा आक्षेप येईल. अजिबात नाही. अन्नातली पोषकद्रव्यं आणि गोळीतली मोठी मात्रा एक नव्हेत. खरी कमतरता असेल तर डॉक्टर ती तपासून भरून काढतील.

मूळ रोग कुठे आहे ते पाहा. जादा ऊर्जा साठवता साठवता चरबीच्या पेशी ताणल्या जातात, त्यांना प्राणवायू कमी पडतो, काही मरतात. मेलेल्या पेशींभोवती भक्षक पेशी कडं करतात. सडपातळ माणसाच्या चरबीत त्या दहा टक्क्यांहून कमी, तर लठ्ठ माणसात चाळीस टक्क्यांच्या जवळ पोचतात, असा अंदाज 2003 साली मांडला गेला. त्या टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सोडतात आणि इन्सुलिनचा संदेश अडतो. साठ्यावरचा भार कायम असेल तोवर रॅडिकल्स तयार होतच राहणार. भार उतरवला की फरक पडतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सात टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाचं ध्येय ठेवलेल्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं.

"मी तर बारीक आहे" असं म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय 22.3 होता, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1 टक्के. भारतीय शरीराची जोखीम पोटात दडते.

म्हणून गोळीवर खर्च करण्याआधी कंबर मोजा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर शुगर तपासून घ्या, रोज चाला आणि ताटातलं गोड-तळलेलं कमी करा. चरबीतल्या दाहावर खरा इलाज हाच आहे.