कायद्याला पुरून उरलेली मोटार



पोळ्याला बैलाची शिंगे रंगवताना कुणी विचारीत नाही की, याने नांगर अधिक खोल जाईल काय? तो मानाचा प्रश्न असतो. अमेरिकेतील ‘लोरायडर’ मोटारींची हकीकतही अशीच मानाची आहे.

लोरायडर म्हणजे जमिनीला लगटून, सावकाश चालणारी मोटार. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात, विशेषतः पूर्व लॉस एंजेलिसच्या वस्त्यांत, ती रूढ झाली. तेथील मेक्सिकन वंशाचे लोक बहुतेक कष्टकरी. नवी गाडी परवडेना. मग जुनी शेव्हरोले घ्यायची, घरीच खोलायची, दुरुस्त करायची आणि हौसेने रंगवायची. इतर तरुणांना वेड वेगाचे. यांनी उलटी वाट धरली. कुणी स्प्रिंगा कापल्या, कुणी डिकीत वाळूची पोती घातली आणि गाडी खाली बसवली. मग व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावरून संथपणे मिरवायचे, एवढाच त्यांचा बेत.

सरकारला हे रुचले नाही. १९६० साल उजाडण्यापूर्वीच तेथे कायदा झाला: फेरफार केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. आता आली का पंचाईत! पण १९५९ साली रॉन अगिरे यांनी आपल्या गाडीत तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवली. बटण दाबले की पंप नळकांड्यात तेल ढकलतो, दट्ट्या सरकतो आणि गाडी उचलली जाते. तेल परतले की ती खाली बसते. पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली! बंदीनेच कारागिरीला नवी वाट दाखवली.

पुढे अनेक शहरांनी असे मिरवणेच बंद केले. लोरायडरवाला म्हणजे गुंड, असा समज पसरला. लोकांनी मात्र गाड्या सोडल्या नाहीत. जेसी वालादेझ यांची ‘जिप्सी रोझ’ ही १९६४ ची शेव्हरोले इम्पाला गुलाबांच्या चित्रांनी नटलेली. २०१७ साली ती राजधानी वॉशिंग्टनमध्ये, काचेच्या पेटीत, सर्वांना पाहण्यासाठी ठेवली गेली. शेवटी २०२३ साली कॅलिफोर्नियाने नवा कायदा करून उंचीची अट काढली आणि मिरवण्यावरील बंदीही उठवली; १ जानेवारी २०२४ पासून तो अमलात आला.

इतिहास म्हणजे केवळ राजे आणि लढाया नव्हेत, असे आपण वर्गात सांगतो. त्याला हा एक दाखला. कष्टकऱ्याने दारात जपलेली जुनी मोटार कायद्याला साठ वर्षे पुरून उरली.