वीज गेल्यावर: संगणकाची रोजकीर्द

परळीला औष्णिक वीजकेंद्र असूनही २००५च्या सुमारास बीड जिल्ह्याने तासन्‌तास भारनियमन सोसले. फाइल साठवताना वीज गेली की डिस्कवरील नोंदी अर्धवट राहतात. डॉसमध्ये आपणच 'चेकडिस्क' चालवत असू. विंडोज ९८ पुन्हा सुरू होताना 'स्कॅनडिस्क' आणि लिनक्स 'एफएससीके' आपोआप चालवी. सगळ्या नोंदी पडताळण्यात वेळ जाई. २००१मध्ये विंडोज एक्सपीने एनटीएफएस घरगुती संगणकांवर आणली, तर लिनक्समध्ये ईएक्सटी३ आली. या दोन्ही रचना व्यापाऱ्याप्रमाणे आधी रोजकीर्द लिहितात, मग खतावणी. वीज आल्यावर रोजकीर्द पाहून डिस्कचा हिशेब चटकन जुळवतात. मात्र न साठवलेला मजकूर त्यातून परत येत नाही. निकालपत्रकाची दुसरी प्रत ठेवण्याचे काम आपल्याकडेच राहते.