सायकल, बिल्ला आणि कायदा

भारतातील रस्ते-वाहतुकीच्या कायद्यांचा इतिहास बहुधा मोटारीपासून सांगितला जातो : १९१४ चा कायदा, मग १९३९ चा, मग १९८८ चा. या क्रमात सायकल जवळजवळ दिसतच नाही. १९८८ च्या कायद्यानुसार ‘मोटार वाहन’ म्हणजे यांत्रिक शक्तीने चालणारे वाहन. पायाने रेटायची सायकल त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून या कायद्याखाली तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला परवाना लागत नाही, आणि कलम १२९ मधील हेल्मेटसक्तीही त्याला लागू नाही.

याचा अर्थ सायकल मोकळी होती असा नव्हे. तिच्यावर हुकमत होती नगरपालिकेची आणि पोलिसांची. अनेक शहरांत पालिका सायकलवर वार्षिक कर घेई आणि धातूचा बिल्ला देई. बिल्ला नाही, रात्री दिवा नाही किंवा मागे डबलसीट बसवलेले, की हवालदार सायकल अडवी. कित्येकदा दंडाऐवजी चाकातली हवा सोडली जाई. ही शिक्षा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती, पण जुन्या पुणेकरांना ती चांगलीच ठाऊक होती. दिव्याचा नियम खरोखर सुरक्षिततेचा, बिल्ल्याचा मात्र महसुलाचा. अडवणारा हात एकच असल्याने हा फरक सायकलस्वाराला कधी जाणवला नसावा.

कोलकात्यात प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. तेथे २००८ पासून काही रस्त्यांवर सायकलबंदी आली आणि २०१३ मध्ये ती १७४ रस्त्यांपर्यंत पोहोचली. विरोधानंतर आकडा ६२ वर आला. कारण दिले गेले वाहतूक संथ होण्याचे आणि अपघातांचे. दूधवाले, पेपरवाले, मिस्त्री यांची रोजची मिळकत या सायकलवर अवलंबून. अपघात टाळण्यासाठी धडकणाऱ्याचा वेग आवरायचा की धडक सोसणाऱ्याला रस्त्यावरून हटवायचे? बंदीने दुसरा मार्ग घेतला. वास्तविक २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिले होते. २०२० च्या टाळेबंदीनंतर बसगाड्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा त्याच पोलिसांनी बंदी काही प्रमाणात शिथिल केली.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये उपकलम (१क) आले. बिगरयांत्रिक वाहने व पादचारी यांची रस्त्यावरील हालचाल आणि प्रवेश यांचे नियमन करण्याचा अधिकार त्याने राज्यांना दिला. विद्यार्थ्यांनी यातील ‘प्रवेश’ हा शब्द नीट पाहावा : त्याच्या आधारे राज्य सायकलींसाठी वेगळी वाट राखू शकते, आणि कोलकात्यासारखी बंदीही घालू शकते.