नाताळची भेट: जोड्यात मावणाऱ्या खाऊपासून खेळण्यांच्या ढिगापर्यंत

डिसेंबर लागला की लसीकरणासाठी बाळाला घेऊन येणारे आईबाबा, आणि त्यांच्याहूनही जास्त आजीआजोबा, एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, नातू दीड वर्षाचा आहे. घरात खेळणी ठेवायला जागा उरलेली नाही. नाताळात आता द्यायचं तरी काय?" कुणाच्या घरी नाताळ हा वर्षातला सगळ्यात मोठा सण असतो, कुणाची मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असतात, तर कुणाच्या नातवाला पाळणाघरात सांता भेटलेला असतो.

उत्तराकडे जाण्याआधी जरा मागे जाऊ. नाताळ आणि खेळणी ही जोडी जमली कधी? वाटते तितकी ती जुनी नाही. हे एकदा समजलं की खेळण्यांचा ढीग म्हणजेच नाताळ, हे ओझं मनावरून उतरतं.

जोड्यात मावेल एवढंच

चौथ्या शतकात मायरा या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. ते गरजूंना गुपचूप मदत करत, अशी आख्यायिका आहे. ६ डिसेंबर हा त्यांचा सण. त्याच्या आदल्या रात्री युरोपातली मुलं आपले जोडे मांडून ठेवत आणि सकाळी त्यात सफरचंद, आक्रोड, गोड बिस्किटं असा खाऊ सापडे. नेदरलँड्समध्ये मुलांना ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी मिळण्याची प्रथा आजही आहे. पुढे जर्मनीच्या प्रॉटेस्टंट भागांत ही भेट संताऐवजी बाळ येशूच्या नावाने दिली जाऊ लागली आणि ती नाताळात आली.

सगळीकडे मात्र असं नव्हतं. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स वसाहतीत कडक धर्ममतांच्या लोकांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली. मोडणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. ही बंदी १६८१ मध्ये उठली. त्यानंतरही बराच काळ अनेक ठिकाणी नाताळ म्हणजे मोठ्यांचं खाणंपिणं आणि रस्त्यावरचा दंगा असंच चित्र होतं.

एकोणिसाव्या शतकात तो हळूहळू घरात आणि मुलांकडे वळला. २३ डिसेंबर १८२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापून आली. पाठीवर खेळण्यांचं गाठोडं घेऊन धुराड्यातून उतरणारा आणि मोजे भरून जाणारा सांता त्या कवितेमुळे घराघरांत पोहोचला. पण तेव्हाही माप होतं मोज्याचंच!

मोज्याचा ढीग कसा झाला?

ही खेळणी बरीचशी जर्मनीत बनत. न्यूरेम्बर्ग हे खेळण्यांच्या व्यापाराचं जुनं शहर. सोनेबर्गच्या परिसरात बाहुल्या घरोघरी तयार होत आणि त्या कामाला घरातली लहान मुलंही जुंपलेली असत. एका मुलाच्या नाताळच्या भेटीमागे दुसऱ्या मुलाची मेहनत असे. पहिल्या महायुद्धापूर्वी जगाला खेळणी पुरवण्यात जर्मनी आघाडीवर होता.

मग मोठी दुकानं आली. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने १८७४ मध्ये नाताळासाठी काचेच्या खिडकीत बाहुल्यांची आरास मांडली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकमुळे खेळणी स्वस्त झाली. तोवर खेळण्यांच्या जाहिराती मुख्यतः नाताळच्या तोंडावर येत. १९५५ मध्ये मॅटेल कंपनीने मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमात वर्षभर जाहिराती द्यायचं ठरवलं. तेव्हापासून विक्रेता आईबाबांना वगळून थेट मुलाशी बोलू लागला आणि खेळणी वर्षभराची झाली.

म्हणजे आपल्याला आज पडलेला "याच्याकडे सगळंच आहे" हा प्रश्न माणसाच्या इतिहासात अगदी नवा आहे.

फ्रोबेलच्या 'भेटी'

याच जर्मनीत एका माणसाने 'भेट' या शब्दाला वेगळा अर्थ दिला. फ्रीडरिक फ्रोबेल नऊ महिन्यांचे असतानाच त्यांची आई वारली होती. पुढे ते शिक्षक झाले आणि १८४० मध्ये त्यांनी आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. त्यांनी लहान मुलांसाठी तयार केलेल्या खेळसाहित्याला ते 'भेटी' म्हणत. पहिली भेट होती लोकरीचे सहा मऊ रंगीत चेंडू. दुसरीत लाकडी गोळा, ठोकळा आणि नळकांडं. तिसरी भेट म्हणजे आठ छोट्या ठोकळ्यांचा बनलेला एक मोठा ठोकळा.

बस, एवढंच! गाणं नाही, दिवे नाहीत. पण आठ ठोकळ्यांचं घर होतं, गाडी होते, जिना होतो आणि धाडकन पाडताही येतं. खेळणं कमी करतं आणि मूल जास्त करतं, हे त्यामागचं मर्म. प्रसिद्ध अमेरिकी वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हेच साहित्य पाहून मुलासाठी आणलं होतं. आपल्या कामावर त्या ठोकळ्यांचा मोठा प्रभाव आहे, असं ते म्हातारपणीही सांगत.

आजचं संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चारच खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त प्रकारे खेळली. सोळा असताना ती एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिली.

नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातल्या एका अभ्यासात १० ते १६ महिन्यांच्या २६ बाळांचा पालकांसोबतचा खेळ तपासला गेला. बोलणारी, दिवे लागणारी खेळणी हातात असताना पालक बाळाशी कमी शब्द बोलले. साध्या खेळण्यांबरोबर ते जास्त बोलले आणि चित्रांच्या पुस्तकांबरोबर सगळ्यात जास्त.

दोन्ही अभ्यास छोटे आहेत, त्यामुळे त्यावरून टोकाचे निष्कर्ष काढू नयेत. पण या वयात मूल भाषा शिकतं ते समोरच्या माणसाशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून. खेळणंच बडबडू लागलं की आपण गप्प बसतो. भरपूर खेळण्यांच्या घरात खरं नुकसान होतं ते इथे.

मग भेट काय द्यावी?

• उघडी राहणारी वस्तू: लाकडी ठोकळे, चेंडू, एकात एक बसणारे डबे, कापडी बाहुली. घरात पांगुळगाडा नसेल आणि मूल नुकतं चालू लागलं असेल, तर तोही उत्तम.
• पुस्तक: जाड पुठ्ठ्याच्या पानांचं. देताना मांडीवर घेऊन वाचूनही दाखवा.
• संपणारी भेट: घरी मळलेल्या कणकेचे रंगीत गोळे किंवा विषारी नसलेले जाड खडू.
• सोबत: बागेत, प्राणिसंग्रहालयात किंवा समुद्रावर एक सकाळ. परदेशी असाल तर ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर एक गोष्ट.

खेळणी आधीच खूप असतील तर चार-पाच बाहेर ठेवा, बाकीची खोक्यात भरून कपाटात ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी बदला. जुनंच खेळणं मुलाला पुन्हा नवं वाटतं. नातेवाइकांनी प्रेमाने आणलेलं खेळणं नाकारायची गरज नाही, ते खोक्यात आपली पाळी येईपर्यंत थांबेल. मात्र खालच्या यादीतली वस्तू असेल तर ती मुलाच्या हाती देऊ नका.

सुरक्षिततेची यादी

• अमेरिकेत १९८० पासून तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याची चाचणी आहे. त्यात पूर्ण मावणारा तुकडा चालत नाही, कारण तो घशात अडकू शकतो. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरून अंदाज घ्या.
• बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतही गंभीर भाजू शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. मुलाने बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी त्याला उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा.
• छोटी शक्तिशाली चुंबकं, पाण्यात फुगणारे मणी आणि रबरी फुगे या वयाला नकोत.
• भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते पाहूनच घ्या.

आणि भेटीचं पुडकं सोडल्यावर मूल खेळणं बाजूला टाकून खोक्यातच जाऊन बसलं तर हिरमुसू नका. खोकं हेही आतून-बाहेरून, वर-खाली, हवं तसं वापरता येणारं खेळणंच आहे. तुम्हीही शेजारी बसा आणि आत कोण लपलंय ते विचारा.