पुतळा बाल्टोचा, धाव टोगोची

हेडफोन घातलेत ना? मग चला, थेट अलास्कात, जानेवारी १९२५. नोम नावाचं छोटं गाव. समुद्र गोठलाय, बोटी बंद. रेल्वे नोमपर्यंत येतच नाही. आणि गावातल्या पोरांना घटसर्प झालाय. आपल्याकडे बाळाला वेळेवर लस टोचतात, म्हणून हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. तेव्हा घशात पडदा धरून मुलं गुदमरून जायची. गावात डॉक्टर एकच, कर्टिस वेल्च. त्यांच्याकडच्या औषधाची मुदत संपलेली.

औषध सापडलं अँकरेजच्या हॉस्पिटलात. नेनानापर्यंत ते रेल्वेनं आलं. पुढचे ६७४ मैल, म्हणजे साधारण १०८५ किलोमीटर, कुत्र्यांच्या गाड्यांवर. २० मशर (ही गाडी हाकणाऱ्याला मशर म्हणतात), सुमारे १५० कुत्री आणि रिले.

मी लहानपणी सीडीवर ‘बाल्टो’ हा कार्टून सिनेमा पाहिला होता. त्यामुळे माझ्या डोक्यात हीरो एकच, बाल्टो. मग कॉलेजनंतर कधीतरी टोगोबद्दल वाचलं आणि जाम राग आला.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बैलाला कासरा असतो, घोड्याला लगाम. स्लेजच्या कुत्र्यांना यातलं काहीच नसतं. मशर मागे उभा राहून फक्त ओरडतो: ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे. ऐकायचं की नाही, ते सगळ्यात पुढचा कुत्रा ठरवतो. वादळात माणसाला काही दिसत नाही, तेव्हा तर सगळा भरवसा त्याच्यावरच.

लिओनहार्ड सेपाला हा मूळचा नॉर्वेचा. नोम ते कँडल आणि परत अशी ४०८ मैलांची शर्यत त्यानं १९१५, १६, १७ अशी सलग तीनदा जिंकलेली. टोगो त्याच्याच घरचं पिल्लू, पण आजारी आणि भयंकर खोडकर. वैतागून सेपालानं त्याला दुसऱ्याला देऊन टाकलं. पठ्ठ्या खिडकीची काच फोडून परत आला! आठ महिन्यांचा असताना तो शर्यतीच्या कुत्र्यांमागे पळायला लागला. आवरेना म्हणून सेपालानं त्याला जुंपलं, तर दिवस संपेपर्यंत गडी पुढच्या जागेवर.

१९२५ मध्ये टोगो १२ वर्षांचा होता. म्हातारा म्हणायचा खरं तर. सेपाला त्याला घेऊन नोमहून उलट दिशेनं निघाला. तो निघाल्यावर रिलेचा आराखडा बदलला, टप्पे वाढवले. पण त्याला कळवणार कसं? वाटेत शाक्तूलिकजवळ हेन्री इव्हानॉफ औषध घेऊन उभा होता, आणि सेपाला त्याला ओलांडून चाललाच होता. इव्हानॉफ जिवाच्या आकांतानं ओरडला, म्हणून भेट झाली.

मग नॉर्टन साउंड. म्हणजे गोठलेली खाडी. वळसा घातला तर वेळ जाणार, बर्फावरून गेलं तर बर्फ फुटायची भीती. सेपाला रात्री, वादळात, बर्फावरूनच गेला. औषध घेऊन ९१ मैल. आधीचं अंतर धरलं तर २६१ मैल, म्हणजे ४२० किलोमीटर. बाकी कुणीही याच्या जवळपास पोहोचलं नाही.

२ फेब्रुवारीच्या पहाटे नोममध्ये औषध घेऊन शिरला तो गुन्नार कासेन, आणि पुढे बाल्टो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बाल्टोचा पुतळा. आमच्या क्षेत्रात रात्रभर बग शोधतो एक, आणि सकाळी ‘डन’ असा मेल टाकतो दुसरा. पुढचं तुम्हाला माहितीये.

पण थांबा, बाल्टोला शिव्या नकोत. कासेनचा टप्पाही हिमवादळातलाच होता. पुतळ्यानं बाल्टोचं पोटही भरलं नाही. तो आणि त्याचे साथीदार लॉस एंजेलिसमध्ये एका फालतू प्रदर्शनात हाल काढत होते. क्लीव्हलंडच्या शाळकरी पोरांनी नाणी जमवली, तेव्हा १९२७ मध्ये ते सुटले. आणि त्या २० मशरांपैकी बरेच जण अलास्कातले मूळ रहिवासी होते. त्यांची नावं तर कार्टूनमध्येही नाहीत.

सेपालाला मात्र ही गोष्ट फार लागली. बाल्टोही त्याच्याच कुत्र्यांपैकी, आणि त्याच्या मते दुय्यम! १९२७ मध्ये त्यानं थकलेल्या टोगोला मेन राज्यात ओळखीच्यांकडे ठेवलं आणि स्वतः अलास्काला परतला. ५ डिसेंबर १९२९ ला, १६ व्या वर्षी, टोगोला दयामरण देऊन शांतपणे झोपवलं.

१९७३ पासून अँकरेज ते नोम इडिटारॉड शर्यत होते. तिच्या मुख्यालयात, वासिलाला, टोगो आज पेंढा भरून काचेच्या पेटीत उभा आहे.