उसने हास्य

१८६२ साली द्युशेन या फ्रेंच वैद्याने मानवी मुद्रांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चेहऱ्यावरील संवेदना गमावलेल्या एका वृद्धाच्या स्नायूंना विजेचा प्रवाह लावून त्याने निरनिराळ्या मुद्रा उमटविल्या व त्यांची छायाचित्रे घेतली. खऱ्या आनंदाचे हास्य ओठांपुरते राहत नाही, ते डोळ्यांभोवतीही उमटते, असा त्याचा निष्कर्ष होता. जिवंत चेहऱ्यावरील हालचाल कागदावर स्थिर करण्याचा तो उद्योग होता.

पुढील शतकात हा प्रवाह उलटला. १९७२ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात फ्रेडरिक पार्क याने संगणकावर चेहऱ्याची आकृती हालवून दाखविली. फेब्रुवारी २०२१ मध्ये वंशवृक्ष जुळवून देणाऱ्या 'मायहेरिटेज' या इस्रायली कंपनीने 'डीप नॉस्टॅल्जिया' ही सोय खुली केली. पणजोबांचे जुने छायाचित्र द्यावे, आणि त्यांनी मान वळवावी, पापण्या लवाव्या, किंचित हसावे! पाहणारे कोणी गहिवरले, कोणाच्या अंगावर काटा आला.

परंतु ती हालचाल पणजोबांची नव्हे. दुसऱ्याच कोणाच्या, आधी चित्रित केलेल्या हालचाली यंत्र त्या मुखावर बसविते. छायाचित्रात न दिसणारे दातही ते अंदाजाने रेखाटते. गैरवापर टळावा म्हणून कर्त्यांनी त्या मुखांना वाणी मात्र हेतुतः दिली नाही. हा संयम इतिहासाच्या अभ्यासकानेही अंगी बाणवावा असा आहे. छायाचित्र हा पुरावा. त्यावरील उसने हास्य ही कल्पना. मनाला दोन्ही प्रिय असोत. दप्तरात मात्र त्यांची गल्लत होऊ नये.